राजनंदिनी इथे राहत नाही

१

मंगळवार पेठेतल्या तालमीबाहेर एक काळा लाकडी फळा आहे. कुणाचं रक्षाविसर्जन किती वाजता, उद्या नळाला पाणी येणार की नाही, कुणाच्या म्हशीनं शर्यत मारली, सगळं त्या फळ्यावर. पेठेतला माणूस सकाळी आधी फळा वाचतो आणि मग वर्तमानपत्र. छापलेलं खोटं असू शकतं, फळ्यावरचं नाही, असा त्याचा ठाम विश्वास.

त्या फळ्यावर एका सकाळी खडूच्या अक्षरांच्या मधोमध टाचणीनं टोचलेलं एक गुलाबी पाकीट दिसलं. पाकिटावर बाळाला कुशीत घेतलेल्या बाईचं चित्र होतं. त्याखाली ठळक छापलेलं, ‘गर्भवती मातेसाठी. जननी संपर्क कक्ष.’ कोपऱ्यात तांबडा गोल ठिपका. आणि पत्ता असा: ‘राजनंदिनी, द्वारा य. गो. कारखानीस, तालमीमागे, मंगळवार पेठ, कोल्हापूर.’

कारखानीस सरांच्या घरात राजनंदिनी नावाचं कुणी नव्हतं. घरात माणसं दोनच. सत्तरीला टेकलेले विधुर यज्ञेश्वर सर आणि लग्न ठरलेली त्यांची मुलगी ऋता. दोन आणि दोन चार करायला पेठेला वेळ लागत नाही, कधीकधी पाच होतात एवढंच. पोरगी पोटुशी आहे, सरकारदरबारी खोटं नाव लावलंय आणि सर झाकून नेतायत, असा निकाल दुधाच्या पिशव्या आणायला आलेल्या बायकांनी उन्हं वर यायच्या आत देऊन टाकला.

संध्याकाळी ऋताच्या होणाऱ्या सासूबाई आल्या. मागं नवरामुलगा गुरुप्रसाद, मान खाली घालून. बाईंनी चहा नको म्हटलं आणि खुर्चीच्या कडेला टेकल्या.

“आमचा विश्वास आहे हो तुमच्यावर. पण लोकांच्या तोंडाला हात कुठवर लावायचा? तेवढा एक दवाखान्याचा दाखला आणून द्या ऋताचा. म्हणजे आम्हीही निर्धास्त.”

सरांनी हातातला पेला खाली ठेवला. ऋता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं गुरुप्रसादकडे पाहिलं. तो गालिच्याकडे पाहत होता.

“दाखला मी देणार नाही,” ती म्हणाली.

“मग ही राजनंदिनी कोण ते आधी कळू दे,” बाई उठल्या. “तोवर मुहूर्ताचं बोलायला नको.”

त्या रात्री ऋता जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तेव्हा सरांनी पिराजीरावांना फोन लावला.

२

पिराजीराव म्हणजे गुन्हे शाखेतून निवृत्त झालेले फौजदार. उभी नोकरी सोलापूर, नांदेड, परभणी अशी बाहेर काढली आणि म्हातारपणी गडमुडशिंगीला आपल्या शेतात घर बांधून राहिले. सरांची नि त्यांची ओळख रंकाळ्यावरच्या सकाळच्या फेऱ्यांतली, जेमतेम वर्षभराची. पेठेतल्या जुन्या भानगडी त्यांना ठाऊक नव्हत्या आणि ठाऊक करून घ्यायची हौसही नव्हती. सवय एकच होती, एकच प्रश्न ते प्रत्येकाला दोनदा विचारत. पहिल्या वेळी माणूस उत्तर देतो, दुसऱ्या वेळी चेहरा देतो, असं त्यांचं म्हणणं.

“कधीपासून यायला लागली ही पाकिटं?”

“दोन महिने झाले असतील.” सर येरझारा घालत होते. “पहिलं मी उघडलं. म्हटलं सरकारी कागद आहे. सरकारी कागद वाचल्याशिवाय हातावेगळा करू नये, हे मी आयुष्यभर मुलांना शिकवलं. आत काय? ‘प्रिय राजनंदिनी, आपल्या येणाऱ्या बाळासाठी शुभेच्छा, हिरव्या पालेभाज्या खा.’ मी पाकिटावर लिहिलं, राजनंदिनी नावाची बाई इथे राहत नाही, आणि परत पाठवलं. आठवड्यात दुसरं हजर. मग तक्रार केली. तर तक्रारीची पोच कुणाच्या नावानं आली? राजनंदिनीच्या! तीही गुलाबी पाकिटातून!”

पिराजीरावांनी ओठ दाबून धरले. हसण्याची वेळ नव्हती.

“त्यांच्या क्रमांकावर फोन केला. यंत्र बोलतं. बाळाची हालचाल जाणवत असल्यास एक दाबा, जाणवत नसल्यास दोन दाबा. मी काय दाबू, पिराजीराव? ही लँडलाइन काढून टाकली त्याला दोन वर्षं झाली, मोबाइलवर अनोळखी फोन मी घेत नाही, म्हणजे छळायला पोस्टच उरलं! माझी जन्माची सवय मोडली या लोकांनी. नंतरची सगळी पाकिटं न उघडता फाडली. शेवटी शेवटी तर पोस्टमनच्या हातून घेणंच बंद केलं.”

“आणि घरी कुणी आलंतं चौकशीला?”

“एक बाई आली होती दोनदा. राजनंदिनी कुठाय म्हणे. दारातूनच घालवून दिली.”

पिराजीराव फळ्यावरून काढून आणलेलं ते बंद पाकीट उलटसुलट करून बघत होते. ऋता पाण्याचा तांब्या घेऊन आली. डोळे सुजलेले, पण आवाज ठणठणीत.

“काका, आधीच्या पाकिटांवर हा तांबडा ठिपका नव्हता. अलीकडच्या तीन-चार पाकिटांवरच आलाय. बाबांनी फाडलेले तुकडे मीच केरात भरते, म्हणून माहीत.”

“बरं. सर, घरात आणखी कोण कोण?”

“मी आणि माझी मुलगी. एवढंच घर.”

“मुलगी एकच?”

“एकच.”

पिराजीरावांनी तांब्यातलं पाणी घोटभर घेतलं आणि सवयीनं पुन्हा विचारलं, “एकच मुलगी, न्हवं?”

“सांगितलं ना एकदा!” सर कडाडले. ऋता आत निघून गेली. तांब्यावरचं भांडं तिथंच राहिलं.

पिराजीराव निघाले तेव्हा सरांनी त्यांचा हात घट्ट धरला. “माझ्या पोरीचं वाटोळं करायला कोण टपलंय ते शोधा. समोरच्या अंबूबाईशी आमचा सांडपाण्यावरून वाद आहे. आणि कोपऱ्यावरचा तो वरद, त्याला ऋता हवी होती, मी नाही म्हटलं. दोघांपैकी एक आहे. मला त्याचं तोंड बघायचंय.”

३

वरदचं झेरॉक्सचं दुकान. सगळ्या सरकारी योजनांचे अर्ज तिथं भरले जातात, बाहेर तशी पाटीच लावलेली. पिराजीरावांनी पाकीट काउंटरवर ठेवलं.

“हे काम तुझं हाय म्हणत्यात.”

वरद पांढराफटक पडला आणि मग लालबुंद. “म्हणू देत की! म्हणणाऱ्याला एवढं विचारा, मला ऋताची बदनामीच करायची असती, तर राजनंदिनी कशाला लिहीन? ऋता न लिहायला माझा हात मोडलाय काय?”

“दुकानात बसून नोंदणी करता येतीया का न्हाय?”

“ह्याची न्हाय येत. बाकी सगळ्या योजना हितनं भरतो, पण ह्याला सिस्टरकडं जावं लागतंय. बाई समोर उभी पाहिजे. वजन करत्यात, रक्त काढत्यात, पोट तपासत्यात. खोटं पोट कुठनं आणायचं, काका?”

“दुकानात बसून न्हाय होत?” पिराजीरावांनी पुन्हा विचारलं.

“न्हाय हो! माझ्या वहिनीला मी स्वतः घेऊन गेलतो की.” वरद थांबला. मग हळू आवाजात म्हणाला, “ऋता जेवाय लागली का?”

पिराजीरावांनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि पाकीट उचललं. चोर असा प्रश्न विचारत नाही, असा काही नियम नाही. पण पोटाचं म्हणणं मात्र खरं होतं. म्हणजे बनावट काहीच नव्हतं. कुठंतरी एक खरी राजनंदिनी होती, पोटुशी, आणि तिनं आपल्या तोंडानं कारखानीस सरांचा पत्ता सांगितला होता.

अंबूबाई दारातच पाय पसरून लसूण सोलत बसल्या होत्या. विचारायचा अवकाश, त्यांनी कबूलच केलं.

“मीच लावलं की! त्यात चोरी कसली? पोस्टमन दारात ताटकळत हुता, सर घेईनात. म्हटलं दे हिकडं. आता दुसऱ्याचं टपाल उघडायचं न्हाय, ठेवून घ्यायचं न्हाय. मग काय करायचं? आमच्या पेठेत काय बी सापडलं, किल्ली सापडली, शेळी सापडली, की तालमीच्या फळ्यावर लावायचं. ज्याचं आसंल तो न्हील. आजपतूर हीच रीत हाय.”

“त्या पोरीचं लगीन मोडायला आलंय, मावशी.”

“ते माझ्या ध्यानीमनी न्हवतं बघा.” अंबूबाईंचे हात थांबले. “सरांशी माझं भांडण मोरीच्या पाण्याचं. लेकराशी काय वैर? पर मला झोप लागंना, पावणं. तो तांबडा ठिपका बघितला न्हवं? माझ्या सुनंच्या कार्डावर असलाच हुता. तांबडा ठिपका म्हंजे बाईच्या जिवाला धोका. म्हटलं कोण आसंल ती बिचारी, कुठंतरी वाट बघत बसली आसंल, तिला पत्र मिळाय पायजे. म्हणून लावलं. धाकटीच्या नावावर जाईल असं वाटलं न्हाई.”

“कुणाच्या?”

अंबूबाईंनी जीभ चावली. लसणाचं सूप उचललं, उठल्या आणि दार लावून घेतलं.

पिराजीराव बंद दारासमोर उभे राहिले. एकुलत्या एका पोरीला धाकटी कोण म्हणतं?

४

पोस्टमन सयाजी त्यांना चहाच्या गाड्यावर सापडला.

“सरांचं काय सांगू साहेब, टपाल परत करायचा त्यांना छंदच हाय.”

“गुलाबी पाकिटांचं म्हणतोस?”

“गुलाबी तर आत्ता. आधी साधी निळी अंतर्देशी यायची. हातानं लिहिल्याली. गारगोटीकडचा शिक्का. सर अक्षर बघायचे आणि ‘घेणार नाही’ लिहून माझ्या हातात द्यायचे. उघडून बी बघायचे न्हाईत. वर्ष-दीड वर्ष चाललं. मग ती बंद झाली.”

“कधी बंद झाली?”

“ही गुलाबी चालू झाली तवाच की. लागोपाठच.”

पिराजीरावांनी चहा अर्धा टाकला.

जननी संपर्क कक्षात पंखा गरगरत होता आणि टेबलामागच्या बाई सौजन्यानं कंटाळलेल्या होत्या. पिराजीरावांनी बंद पाकीट त्यांच्यापुढं सरकवलं. बाईंनी संगणकात क्रमांक घातला आणि त्यांचा कंटाळा एकदम उतरला.

“ही सापडली का? कुठाय ती?”

“ते मीच तुम्हाला विचाराय आलोय. पूर्ण नाव काय तिचं?”

“ते आम्ही बाहेर सांगत नाही. पाकिटावर पण पहिलंच नाव छापतो. बाईची अब्रू असते ना.”

त्या अब्रूपायी दुसऱ्या एका बाईचं लग्न मोडायला आलंय, हे पिराजीराव बोलले नाहीत. “फोन का करत न्हाय तिला?”

“लागत असता तर पत्रं कशाला पाठवली असती? हा बघा नंबर दिलाय. शून्य दोन तीन एकचा आहे, घरचा फोन. अस्तित्वातच नाही म्हणतं.”

पिराजीरावांनी तिथूनच ऋताला फोन लावला आणि नंबर वाचून दाखवला. 

“हा आमचा जुना घरचा नंबर आहे काका. कुणी दिला?”

त्यांनी उत्तर न देता फोन ठेवला. “बाई, हिची नोंद मुळात कोल्हापुरातली हाय का बाहेरची?”

“बाहेरची. भुदरगडकडची. सातव्या महिन्यात इकडे वर्ग झाली. तेव्हाच रक्तदाब वाढलेला लिहिलाय. इथे एकदाही तपासणीला आली नाही म्हणून ठिपका लागला. आमच्या मावशी दोनदा त्या घरी जाऊन आल्या, म्हाताऱ्यांनी हाकलून दिलं.”

“आणि भुदरगडच्या सिस्टर?”

“त्यांच्याकडे ‘कोल्हापूरला गेली’ अशी नोंद झाली. मग त्या कशाला जातील?”

“म्हंजे ती गेलीच न्हाय तिकडनं, तर तिला बघतंय कोण?”

बाईंनी पडद्याकडं पाहिलं, पिराजीरावांकडं पाहिलं. “आम्हीच,” त्या म्हणाल्या. “म्हणजे कागदावर.”

“दिवस कधी भरतायत?”

“भरलेत,” बाई म्हणाल्या.

५

पिराजीराव धापा टाकत सरांच्या घरात शिरले आणि पायातल्या चपला न काढताच उभे राहिले.

“सापडला?” सर उठले. “कोण? वरद की ती अंबूबाई?”

“दोघं बी न्हाईत. बसा सर. मी सांगतोय ते शेवटपतूर ऐका, मधी बोलू नका. वेळ न्हाय.”

ऋता दारात येऊन उभी राहिली.

“नोंद खोटी न्हाय. खोटी करताच येत न्हाय. म्हंजे पोटुशी बाई खरी. तिनं फोन नंबर दिला तो तुमच्या जुन्या लँडलाइनचा. वैर काढणाऱ्यानं तुमचा मोबाइल दिला असता, तो अख्ख्या पेठेला ठावं हाय. बंद पडलेला नंबर कोण दील? जिला तो पाठ हाय, पण तो बंद झालाय हे जिला माहीतच न्हाय. जी ह्या घरात राहिली आणि फोन काढायच्या आधी गेली, ती.”

सरांनी खुर्चीचा हात धरला.

“नोंद सातव्या महिन्यात भुदरगडकडनं हिकडं आली. बाई सातव्यात गाव सोडून कुठं जाती, सर? पहिलं बाळंतपण कुठं असतंय? अंबूबाई ऋताला धाकटी म्हणाली. मी तुमाला दोनदा विचारलं मुलगी एकच का, आणि दुसऱ्या टायमाला तुमी ओरडला. थोरली कुठं हाय, सर?”

“मला थोरली नाही.” सरांचा आवाज कोरडा पडला होता. “तिच्या नावानं मी आंघोळ केलेली आहे. गारगोटीच्या त्या मुलाबरोबर ती निघून गेली तेव्हाच. आणि तिचं नाव भैरवी आहे. राजनंदिनी नाही. तुमची चूक होतेय.”

“चूक झाली खरी. पण माझी न्हाय.” पिराजीराव पुढं आले. “नवऱ्याच्या घरी ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहित्यात, हे तुमाला मी सांगू? ते ताट माहेरच्या माणसांच्या म्होरंच असतंय. तुमी गेला असता तर आज पाकिटावरचं नाव वळखलं असतं.”

ऋतानं तोंडावर हात घेतला. “ताई,” एवढंच ती म्हणाली. या घरात हा शब्द गेली कित्येक वर्षं कुणी उच्चारला नव्हता.

“पण तिनं हे का करावं?” सर ओरडले. “माझ्या दारात ही शोभा? सूड घ्यायला?”

“ते मला पोस्टमननं सांगितलं. तिनं तुमाला दीड वर्ष पत्रं लिहिली. तुमी अक्षर बघून परत धाडली. न उघडता तुमी परत धाडणार न्हाय असा एकच कागद ह्या जगात हुता, सर. सरकारी. वाचल्याबिगर हातावेगळा करायचा न्हाय. हे तुमी पोरांना शिकवलंसा, तसं तिला बी शिकवलं असणार. माझं पत्र घेत न्हाईत, सरकारचं घेतील. म्हणून तिनं सिस्टरला माहेरचा पत्ता दिला. पहिलं पाकीट तुमी उघडलं बी. पण त्यांनी नवऱ्याचं नाव छापलंच न्हाय, नुसतं पहिलं छापलं, आणि तुमाला त्यात पालेभाज्या दिसल्या.”

 सर हळूहळू खाली बसले. मग एकदम त्यांनी मान वर केली. “तो तांबडा ठिपका. त्याचा अर्थ काय?”

पिराजीरावांनी सांगितला.

 सर उठले, टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. ऋतानं गाडीची किल्ली घेतली होती.

६

गारगोटीच्या पुढं, मुख्य रस्त्यापासून आत, एक वाडी आहे. उन्हं उतरणीला लागली होती. भैरवीच्या सासऱ्याचं, ज्ञानूचं घर कुठलं म्हणून विचारल्यावर पाणंदीतल्या बाईनं हातानं दाखवलं, आणि तिघांच्या तोंडाकडे बघत पदर डोक्यावर ओढून घेतला. पिराजीरावांनी चालणं हळू केलं. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी हा पदर पुष्कळ वेळा पाहिला होता.

अंगणात माणसं बसली होती. एका पोराचं डोकं नुकतं तासलेलं होतं. त्यानं वर पाहिलं. सरांना त्यानं ओळखलं, सरांनीही त्याला ओळखलं. तो धैर्यशील होता, भैरवीचा नवरा. तो उठला नाही.

त्याचा बाप ज्ञानू उठला. पाहुणा कुणी का असेना, दारात आलेल्याला उभं ठेवायचं नाही, एवढं त्याला कळत होतं. “या पावणं. कुठलं म्हणायचं?”

 ऋताच म्हणाली, “कोल्हापूर. मी तिची बहीण.”

ज्ञानू जागच्या जागी थबकला. आतून त्याची बायको बाहेर आली. ती रडली नाही, ओरडली नाही. बोलली ते सगळं जमिनीकडे बघून बोलली.

“लई उशीर केलासा. परवा रक्षा बी सावडली.”

ऋता मटकन खाली बसली. सर उभेच होते.

“पाय सुजलं हुतं. डोकं धरून बसायची. धैर्या म्हणायचा, चल कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात. तर म्हणायची, थांबा. सरकारी पत्र गेलंय. बाबा वाचतील. पत्र वाचून बाबा न्यायला येतील, पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं. रोज दोपारी एष्टीच्या टायमाला दारात जाऊन बसायची. सिस्टर बी यायची बंद झाली, तिच्या कागदावर ही कोल्हापूरला पोचल्याली. आमी म्हटलं, लेकराच्या मनात हाय तर चार दिस थांबावं.” तिनं पदरानं ओठ पुसले. “मग झटकं आलं. गाडी येईपतूर बाळ हातात आलं आणि ती गेली.”

कुणीतरी खाकरलं. धैर्यशील मातीत बोटानं रेघ ओढत होता, तीच तीच रेघ.

ऋताचा फोन वाजला. वाजत राहिला. पिराजीरावांना पडद्यावरचं नाव दिसलं, गुरुप्रसाद. तिनं उचलला.

“हो,” ती म्हणाली. “सापडली राजनंदिनी. माझी सख्खी बहीण होती.” पलीकडचं थोडं ऐकून घेतलं. “नाही, आता दाखल्याचा प्रश्नच नाही. आमच्या घरात सुतक आहे. तुमच्या आईंना सांगा, दुसरीकडे बघा.” तिनं फोन बंद करून मांडीवर पालथा ठेवला.

सर एक पाऊल पुढं आले. “शेवटचं... तिचं सगळं नीट...?”

“नीट?” भैरवीच्या सासूनं आता मान वर केली. “सवाष्ण गेली, तर अंगावर माहेरचं लुगडं पडाय लागतंय. त्याबिगर उचलायचं कसं? हा पोरगा तुमचा नंबर लावत बसला. तिनं दिल्याला. तो लागंना. सांजपतूर मढं दारात ठेवलं, म्हटलं येतील, कसं का असंना बाप हाय. मग माणसं म्हणाय लागली, अंधार पडंल. शेवटाला शेजारच्या चिमणाबाईला म्हटलं, बाई, तू हो हिचं माहेर. तिनं आपल्या लेकीसाठी घेतल्यालं नवं लुगडं आणलं आणि घातलं अंगावर. तिच्या लेकीचं लगीन म्होरल्या म्हैन्यात हाय.”

घराच्या ओट्यावर ती चिमणाबाई बसली होती, काळीसावळी, किडकिडीत. मांडीवर धडप्यात गुंडाळलेलं मूल. एवढ्या सगळ्या बोलण्यात ते एकदाही रडलं नव्हतं, किंवा रडून दमलं असेल.

सर अंगण ओलांडून ओट्यापाशी गेले. चाळीस वर्षं पोरांना ओणवं उभं करणारा तो माणूस त्या बाईसमोर वाकून उभा राहिला आणि दोन्ही हात पुढं केले. 

चिमणाबाईनं आधी त्यांच्या हातांकडे पाहिलं आणि मग तोंडाकडे. तिनं सासूकडे बघितलं. सासू म्हणाली, “मला इचारू नगंस. माहेर तू हाईस.”

पिराजीरावांना वाटलं, देईल. हात पसरलेल्या म्हाताऱ्याला कुणीही देईल. पण चिमणाबाईनं धडपं सारखं केलं, मूल उराशी धरलं आणि थोडी मागं सरकून बसली.

“बारशाला या, सर,” ती म्हणाली. “आज न्हाय.”

सर वाकलेलेच राहिले. शेवटी पिराजीरावांनी जाऊन त्यांना धरलं आणि ओट्याच्या खालच्या पायरीवर बसवलं.